पारोसा फिल्टर

गाडी माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या वेळी कराडात आणि मलकापुरात ते कुणी म्हणत नव्हतं. गाडीच्या पुस्तकावर माझं नाव, पैसे माझ्या कांदा-लसूण चटणीचे, पण रस्त्यानं गाडी निघाली की लोक म्हणायचे, "हवालदारांची गाडी आली." हवालदार म्हणजे माझे थोरले दीर. ते फक्त चालवायचे, आणि त्याचा पगार माझ्याकडून घ्यायचे.

सत्तरच्या दशकाची पहिली वर्षं होती ती. माझे मालक पलटणीत, वर्षातून एकदा सुटीवर येणारे. मी आधी लग्नघरच्या मिरच्या कांडून द्यायचे, मग चटणी करून विकायला लागले. कोयनानगरच्या कॉलनीत माझ्या चटणीला इतकं गिऱ्हाईक झालं की बसनं डबे नेऊन पुरेना. त्यात एकदा घाटात वळणावर एका डब्याचं झाकण उडालं आणि ड्रायव्हरसकट सगळी बस शिंकायला लागली. कंडक्टरनं मला डब्यांसकट खाली उतरवलं. रस्त्याच्या कडेला डब्यावर बसून मी ठरवलं, आता स्वतःची गाडी घ्यायची. सांगलीच्या एका वकिलाची जुनी काळी गाडी होती. त्यांच्या घरी मी इतके हेलपाटे घातले की शेवटी वकीलबाईच त्यांना म्हणाल्या, "अहो, देऊन टाका, नाहीतर ह्या रोज येतील."

थोरले भावजी फौजेत ट्रक चालवून पेन्शनीत आलेले. आमच्या घरात धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी तोंडानं बोलायचं नाही, अशी रीत. काही सांगायचं असलं तर सासूबाईंना सांगायचं, आणि त्यांनी ते पुढं सांगायचं, मग भावजी दोन हातांवर बसलेले का असेनात.

"त्यास्नी म्हणावं, उद्या पहाटे कोयनेला डबे न्यायचेत."

सासूबाई सुपातलं धान्य निवडत म्हणायच्या, "पहाटं कोयनेला जायचं हाय म्हनं."

भावजी तुळईकडे बघत, "मागच्या टायरात हवा न्हाई म्हनावं."

"त्यास्नी म्हणावं, मग भरा."

"भर म्हनती."

असा आमचा धंदा चालायचा. बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण आम्हाला सवय होती. सासूबाईंना तर त्यात मानच वाटायचा. घरातला एकही निर्णय त्यांच्या तोंडातून गेल्याशिवाय होत नव्हता.

आता फिल्टरचं सांगते. इंजिन हवा ओढतं, आणि त्या हवेबरोबर धूळ आत गेली तर आतून झिजून जातं. म्हणून हवेच्या तोंडाशी फिल्टर असतो. आमच्या गाडीला जुन्या पद्धतीचा, लोखंडी डबा होता. त्याच्या तळाशी तेल, वर तारेची जाळी. हवा तेलावर आपटायची, माती तेलात बसायची. तो डबा उघडून, गाळ काढून, रॉकेलनं धुऊन पुन्हा नवं तेल भरलं की झालं. वर्षानुवर्षं तोच डबा.

हा डबा धुणं म्हणजे भावजींचा दर रविवारचा दरबार होता. दारात पोतं अंथरायचं, डबा सोडायचा, मिशीला पीळ देत जाळी घासायची. येणारा-जाणारा थांबायचा. "हवालदार, गाडी लय जपताय बघा!" भावजी म्हणायचे, "जपायलाच पायजे गड्या, गाडी हाय." मी आत मिरच्यांची देठं खुडत हे ऐकत असायचे. "वैनींची गाडी हाय" एवढं एकदाही तोंडातून निघालं नाही.

पावसाळा सरताना हळद घ्यायला मी सांगलीला गेले. मोटारीच्या सामानाच्या एका दुकानात काचेच्या कपाटात नव्या तऱ्हेचा फिल्टर पाहिला. कागदाचा. नऊवारीच्या निऱ्या घालाव्यात तशा बारीक चुण्या घालून कागद गोल बसवलेला, वरून पत्र्याचं नवं डबडं.

दुकानदार गोड बोलणारा होता. म्हणाला, "बाई, मालकांना पाठवा. त्यांना समजावून सांगतो."

"मालकच बसलीया तुमच्यापुढं. सांगा."

त्यानं सांगितलं. तेल नको, रॉकेल नको, घासणं नको. धूळ कागदावरच अडते. मी म्हटलं, मला धूळ शिकवू नका, मी आयुष्यभर मिरचीची धूळ खाल्ली आहे. पिशवीतून चिमूटभर हळद काढली आणि कागदावर बाहेरून पसरली. आतल्या बाजूला माझा पांढरा रुमाल धरला आणि बाहेरून जोरात फुंकर मारली. रुमालावर एक कण आला नाही. मग त्याच्याकडची तारेची कोरडी जाळी मागून घेतली आणि तसंच केलं. रुमाल पिवळाधमक झाला आणि दुकानदाराच्या शर्टावरही हळद बसली.

"आवं, जाळी तेलानं भिजल्यावर धरती की धूळ!" तो शर्ट झटकत म्हणाला.

"भिजल्यावर धरती. पण कोरडा कागद भिजवायलाच लागत न्हाई, व्हय का न्हाई?"

घेतला. घासाघीस करून घेतला, आणि जुना डबा मोडीत देण्याच्या बोलीवर घेतला. पुढच्या खेपेला डबा त्याच्या दुकानात पोचताही केला. खरं सांगते, मला कागद जितका आवडला तितकंच हे आवडलं, की आता रविवारचा दरबार बंद.

पिशवी उचलताना दुकानदारानं बजावलं, "एक ध्यानात ठेवा. हा धुवायचा न्हाई. हलक्या हातानं झटकायचा, आणि भरला की टाकून द्यायचा. पाणी दाखवायचं न्हाई त्याला."

घरी आल्यावर मी सासूबाईंना सांगितलं, "त्यास्नी म्हणावं, ह्या नव्या फिल्टरला पाणी लावायचं न्हाई. कधीच न्हाई."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

त्यानंतर खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे घरातलं झाडून सगळं हत्यार धुऊन पुजतात. विळा, कोयता, पहार, उखळ, मालकांची जुनी संगीन. माझे मिरची कांडायचे डंकसुद्धा त्या दिवशी बंद ठेवून धुतले जायचे. गाडी घेऊन भावजी नदीच्या संगमावर गेले आणि तिला झेंडूच्या माळा घालून परतले. नवरीसारखी दिसत होती गाडी. मी नारळ फोडला आणि कामाला लागले. दिवाळीच्या ऑर्डरी डोक्यावर होत्या.

दिवाळी झाली आणि मला मोठं काम मिळालं. कडेगावच्या बाजूला उसाचं पीक वाढलं होतं, आणि एका साखर कारखान्याला तिकडे गावोगाव माणसं फिरवायला हंगामभर गाडी हवी होती. त्यांच्या हापिसात मी स्वतः बसून भाडं ठरवलं. तिथल्या साहेबानं एकच अट घातली, की गाडी रस्त्यात बंद पडता कामा नये, ऊस कुणासाठी थांबत नाही.

कडेगावकडचे रस्ते त्या वेळी मुरमाचे. उसाच्या बैलगाड्यांच्या चाकांनी त्या मुरमाचं पीठ झालेलं. गाडी गेली की मागचं काही दिसायचं नाही. पण मी निश्चिंत होते. माझ्याकडे नवा फिल्टर होता ना!

थोड्याच दिवसांत गाडी धूर मारायला लागली. मग तेल प्यायला लागली. आणि एक दिवस एका साध्या चढावर कारखान्याच्या माणसांना उतरून चालत जावं लागलं. साहेबानं निरोप धाडला, गाडी दुरुस्त करून लवकर आणा, नाहीतर दुसरी लावतो.

संध्याकाळी भावजी जेवून उठले आणि हात पुसत सासूबाईंना म्हणाले, "त्या गाडीत आता दम न्हाई म्हनावं. घासाघीस करून घेतलेलं ते तसलंच निघायचं. आमच्या साडूला गाडी हवी हाय. हाय त्या किमतीला देऊन टाकावी म्हनावं."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. माझी कानशिलं तापली. साडूला गाडी दिली असती तर चालवणार कोण? भावजीच. म्हणजे 'हवालदारांची गाडी' खरोखरच झाली असती आणि मी पुन्हा डबे डोक्यावर घेऊन बसच्या रांगेत उभी राहिले असते.  पहाट होताच मलकापुरात मिस्त्रींच्या गॅरेजला गेले.

मिस्त्री भला माणूस. म्हणाला, "भाभी, पिस्टनच्या रिंगा गेल्यात. इंजिनानं माती खाल्लीय."

"माती गेली कुठनं?"

त्यानं फिल्टरचं डबडं उघडलं. मी वाकून बघितलं आणि बघतच राहिले. माझ्या त्या कडक निऱ्या भिजून, सुकून, पोह्याच्या पापडासारख्या वाकड्या झालेल्या. दोन ठिकाणी कागद उभा फाटलेला, त्यातून बोट आरपार जावं. आणि वरच्या कडेला ठसठशीत हळदकुंकू. एका चुणीत अक्षतेचा तांदूळसुद्धा अडकलेला.

"पूजा झालेली दिसतीया," मिस्त्री म्हणाला.

तो फिल्टर मी पदरात गुंडाळला आणि तडक घरी आले. भावजी ओसरीवर दाढी करत होते, सासूबाई शेजारी. फिल्टर मी दोघांच्या मधोमध ठेवला.

"त्यास्नी विचारा, हे कुणी धुतलं?"

"कुनी धुतलं म्हनती," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"खंडेनवमीला सगळंच धुतात म्हनावं," भावजी आरशातच बघत म्हणाले. "मिशीन तेवढं धुवायचं आन् त्याचं नाक बिनधुतलं ठिवायचं?"

"त्यास्नी विचारा, मी पाणी लावू नका म्हणून सांगितलं होतं का न्हाई?"

ह्यावर सासूबाईंनी काहीच पुढं सांगितलं नाही. सूप जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "मीच न्हाई सांगितलं त्याला."

"का?"

"सनाचा दिवस. घरातलं एक हत्यार पारुसं ठिवायचं? आन् ते पन कमवून आननारं? मला न्हाई पटलं. म्हटलं, एकदा पान्यातनं काढलं तर काय मरतंय का!"

सासूबाईंवर ओरडणं मला शक्य नव्हतं. पण राग कुठंतरी जायला हवा होता. मी सरळ भावजींकडे वळले.

"भावजी."

वस्तरा गालावरच थांबला. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात मी त्यांना कधी हाक मारली नव्हती. शेजारीण दारात भांडी घासायची थांबली, इतकं ते ऐकू गेलं असावं.

"गाडी दुरुस्त करतीया मी. हंगाम संपेपर्यंत फिल्टरला तुमी हात लावायचा न्हाई. त्याचं सगळं मी बघीन. मधे एकदा जरी गाडी माझ्या फिल्टरपायी रस्त्यात बंद पडली, तर तुमच्या साडूला चावी मी स्वतः नेऊन देईन. आन् न्हाई पडली, तर गाडी विकायचं नाव ह्या घरात पुन्हा कुनी काढायचं न्हाई."

भावजींनी वस्तरा पुसला आणि आईकडे तोंड करून म्हणाले, "कबूल म्हनावं."

मिस्त्रीनं रिंगा घातल्या. आता प्रश्न फिल्टरचा. तो म्हणाला, नवा कागदाचाच घाला, बारीक धूळ तोच धरतो. हे खरंच होतं. मी हळद टाकून बघितलं होतं आणि आजही माझं मत तेच आहे. कागद वाईट नव्हता. पण मी रात्रभर जागून नाही, चटणी ढवळताना उभ्या उभ्याच विचार केला. आमच्या घरात खंडेनवमीला धुतात. पाडव्याला धुतात. ग्रहण सुटलं की धुतात, सुतक फिटलं की धुतात. मी किती जणांच्या हातातून तो कागद हिसकावून घेणार? शिवाय त्या धुळीत तो लवकर भरला असता, आणि नवा आणायला प्रत्येक वेळी सांगली गाठायची. धुण्यानं मरणारी वस्तू ह्या घरात टिकायची नाही. इथं धुण्यानं जगणारीच वस्तू पाहिजे.

म्हणजे जुना डबाच. लोक म्हणतील, शेवटी हवालदारांचंच खरं झालं. म्हणोत. धुणार मी होते.

सांगलीच्या दुकानदारानं मला पायरीवर बघितलं आणि ओळखलं. मोडीत घेतलेला माझा डबा त्याच्या मागच्या खोलीत तसाच पडला होता. पण आता त्यानं त्याची किंमत अशी सांगितली, जशी काही तो डबा चांदीचा होता.

"मोडीत घेताना तर गंजका म्हणत हुता."

"तवा गंजका हुता. आता साफ केलाय."

मी जाळीवरून बोट फिरवून त्याला काळं बोट दाखवलं. तो हसला. किंमत उतरवेना. मग मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर मांडी घालून बसले आणि हळदकुंकवाचा तो फाटका फिल्टर पुढ्यात ठेवला. जो ड्रायव्हर पायरी चढेल, त्याला सांगायचं.

"दादा, कागदाचा घेणार असाल तर आधी घरात विचारून या, खंडेनवमीला काय काय धुतात ते."

पहिला हसला आणि आत गेला. दुसऱ्यानं फिल्टर हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, "आयला, आमच्या म्हाताऱ्यानं हेच केलं असतं." तिसरा तर आत न जाता शेजारीच टेकला आणि आपल्या सासरची गोष्ट सांगायला लागला. दुकानदार बाहेर आला.

"आवं बाई, उठा की!"

"मी कुठं तुमच्या मालाला वाईट म्हणतीया? माल चांगलाच हाय. लोक वाईट हायत."

"घ्या तुमचं डबडं! दिलं त्याच भावात घ्या, आन् जावा."

"त्या भावात घेते, पण घासायचं मलाच लागणार, त्याचं काय?"

शेवटी वर जाळीला लागणारं नवं रबर फुकट घेऊन उठले. त्यानं चहा पाजला, तो वेगळाच.

मग सुरू झाला माझा दरबार. गाडी संध्याकाळी आली की मी दारात पोतं अंथरायचे, डबा सोडायचे. तळाशी मुरमाचा गाळ बसलेला असायचा, चटणीच्या कढईच्या बुडाला बसतो तसा घट्ट. तो खरवडायचा, जाळी रॉकेलात खळबळायची, खुणेपर्यंत नवं तेल घालायचं, खुणेच्या वर एक थेंब नाही. मग इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात पांढरं फडकं फिरवून बघायचं. पहिल्या दिवशी फडकं सासूबाईंपुढे धरलं. पांढरंच होतं. मग गाळाची वाटी दाखवली.

"आगं बया! एवढी माती?"

"ही रोज आत जात हुती. तुमच्या खंडेनवमीपासनं."

 दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी रॉकेलची बाटली सासूबाईंनी न मागता पोत्याशेजारी ठेवलेली असायची. माझ्या हातांना मिरचीची आग होतीच, त्यात रॉकेलचा वास. रस्त्यानं जाणारे थांबायला लागले. "वैनी, तुमी सोता?" मी म्हणायचे, "माझी गाडी हाय. मग कोन?" हे म्हणायला मला कधी कंटाळा आला नाही.

भावजी रोज गाडी लावायचे आणि पाठ करून आत जायचे. 

हंगामाच्या अखेरीस एका दुपारी शेजारचा एक गडी सायकलवरून धापा टाकत आला. "काकी, तुमची गाडी कडेगावच्या वाटंला बंद पडलीया. मी बघून आलो."

 मिळेल त्या टेम्पोत बसून गेले. वाटेत भावजींच्या साडूचा चेहराच डोळ्यापुढे. लांबून गाडी दिसली. मधोमध उभी, पुढं-मागं उसाच्या बैलगाड्यांची ही रांग. एका गाडीचं चाक निखळून रस्ता अडला होता. भावजी आमच्या गाडीच्या बॉनेटवर बसून ऊस सोलत होते.

मला बघितलं. इथं सासूबाई नव्हत्या. भावजींनी इकडे तिकडे पाहिलं, मग शेजारच्या गाडीला जुंपलेल्या पांढऱ्या बैलाकडे तोंड केलं.

"गाडी बंद पडलेली न्हाई म्हनावं," ते बैलाला म्हणाले. "बंद केलीया. उगाच तेल कशाला जाळायचं."

बैलानं कान हलवला. मी तिथंच धुरळ्यात बसून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग चाक बसलं, रस्ता मोकळा झाला, भावजींनी चावी फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली. धूर नाही, खोकला नाही. मी मागच्या सीटवर बसून घरी आले, कारखान्याचा साहेब बसायचा त्याच जागी.

हंगाम संपला. कारखान्यानं पुढच्या वर्षासाठी गाडी आधीच सांगून ठेवली. भावजींचा साडू नवं धोतर नेसून गाडी बघायला आला होता. त्याला मी चहा दिला, चटणीचा एक पुडा दिला, आणि बसच्या थांब्यापर्यंत त्याच गाडीतून सोडायला लावलं.

पुढची खंडेनवमी आली. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी ओसरीवर विळे पुसत बसले होते. भावजी संगमावरून गाडी धुऊन आले, डबा सोडून हातात घेतला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मधे कुणीच नव्हतं, बैलसुद्धा. घसा खाकरला.

"हे तेवढं पारुसं ऱ्हायलंय, मालकीनबाई," ते म्हणाले. "तुमी धुताय, का मी धू?"

कागद धुतल्याची चूक त्यांनी कबूल केली नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढंही कधी नाही. ते मी अजून विसरलेले नाही. पण मी पोतं त्यांच्याकडे सरकवलं.

"धुवा," मी म्हटलं. "ह्याला कितीबी धुवा. तेल मात्र खुणेपतोरच."

"व्हय," भावजी म्हणाले आणि मांडी घालून बसले. तेवढ्यात रस्त्यानं एक जण चालला होता, तो थांबला. "हवालदार, गाडी लय जपताय बघा!"

भावजींनी मान वर केली नाही. जाळी घासत घासत म्हणाले, "वैनींची हाय गड्या. जपायलाच पायजे."